ल्यूटचं टॅब्लेचर स्टाफ नोटेशनमध्ये उतरवताना स्वर किती लांब लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा. गिटार वाजवणाऱ्या एकानं ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठीच्या एका पावानचं (संथ नाचाच्या रचनेचं), इंग्लिश ल्यूटवादक-संगीतकार डाऊलंडच्या काळातल्या, फ्रेंच टॅब्लेचर (तार आणि पडदा दाखवणारी लिपी) म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलं. जोडलेल्या पट्टीवर स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) आपोआप उमटलं, पण बेसचा, म्हणजे खर्जाचा, प्रत्येक स्वर एका क्रॉचेटमध्येच (एका मात्रेतच) संपतो आणि सगळं तुटक दिसतं. बेस दुसऱ्या व्हॉइसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या सुरावटीत) टाकला तर पान रेस्टनी, म्हणजे विरामाच्या खुणांनी, भरून जातं. शिवाय जिथे ई फ्लॅट हवा तिथे डी शार्प आला आहे. चुकलं कुठे, आणि बरोबर उतरवण्याचा नियम काय?

तुम्ही भरलेले स्वर बहुधा बरोबरच आहेत. अडचण अशी की टॅब्लेचर दोनच गोष्टी सांगतं: बोट कुठे ठेवायचं आणि तार कधी छेडायची. छेडलेला स्वर कुठवर चालू ठेवायचा, तो कोणत्या व्हॉइसचा, त्याला शार्प म्हणायचं की फ्लॅट, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नसतं. स्टाफ नोटेशनला मात्र या तिन्ही गोष्टी प्रत्येक स्वरासाठी लागतात. भातखंडे लिपीत स्वर लांबवायचा असेल तर त्याच्यापुढे आडवी रेघ येते. ल्यूटच्या टॅब्लेचरमध्ये ती रेघच नाही. संगणकानं जे दिलं ते त्याला मिळालेल्या माहितीचं प्रामाणिक रूपांतर आहे. उरलेली माहिती तुम्हाला पुरवायची आहे, आणि खरं काम तेवढंच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. लिप्यंतर कोणासाठी करायचं आहे? गिटारवर वाजवायचं असेल तर एक पट्टी, ट्रेबल क्लेफ, एक सप्तक वर लिहिलेलं. रचनेचा अभ्यास करायचा असेल किंवा पियानोवर ऐकून बघायचं असेल तर दोन पट्ट्या, स्वर प्रत्यक्ष जितके उंच वाजतात त्याच उंचीवर. दुसरी गोष्ट, रचना कोणत्या काळातली आणि कोणत्या प्रकारची आहे. सोळाव्या शतकातली फँटासिया (मुक्त वाद्यरचना) गायनाच्या चार भागांसारखी बांधलेली असते, तिथे व्हॉइस स्पष्ट वेगळे करता येतात. सतराव्या शतकातल्या फ्रेंच ल्यूटमध्ये स्वर विखरून, एकमेकांवर सांडत येतात. तिथे तेवढी काटेकोर विभागणी केली तर संगीतच हरवतं. तुमचं पावान या दोहोंच्या मधलं आहे, पण पहिल्या प्रकाराला जास्त जवळचं.

आधी टॅब्लेचर कोणतं ते नक्की करा. फ्रेंच पद्धतीत सहा रेषांपैकी सगळ्यात वरची म्हणजे पहिली, सगळ्यात उंच जोडी (ल्यूटवर तारा बहुधा जोडीनं लावतात, म्हणून तार न म्हणता जोडी). मोकळ्या तारेला ‘ए’, पहिल्या पडद्याला ‘बी’, दुसऱ्याला ‘सी’, असं अक्षर वाढत जातं. ‘जे’ नसतं, ‘आय’नंतर थेट ‘के’. ‘सी’ अक्षर बहुधा रोमन लिपीतल्या लहान ‘आर’सारखं वळवलेलं असतं, कारण ते ‘ई’सारखं दिसू नये. ही अक्षरं स्वरांची नावं नव्हेत. गिटार शिकलेल्या माणसाला इथे पहिले दोन दिवस फार गोंधळायला होतं, म्हणून पुढे या उत्तरात मी अक्षरांऐवजी पडद्यांचे क्रमांक देतो आणि ए, बी, सी ही नावं फक्त स्वरांसाठी ठेवतो.

इटालियन पद्धतीत आकडे असतात आणि पट्टी उलटी असते: सगळ्यात वरची रेषा म्हणजे सहावी, सगळ्यात खर्जाची जोडी. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुचीनं छापलेल्या स्पिनाचिनोच्या पुस्तकापासून ही पद्धत छापात दिसते. याला एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. लुईस मिलाननं १५३६ साली व्हिउएला या गिटारसारख्या स्पॅनिश वाद्यासाठी छापलेल्या पुस्तकात आकडेच आहेत, पण वरची रेषा उंच तारेची आहे. जर्मन पद्धतीत रेषाच नसतात. पाच मोकळ्या जोड्यांना १ ते ५ आकडे, खर्जाकडून वर, आणि पुढे प्रत्येक जोडी-पडद्याच्या जागेला स्वतःचं वेगळं अक्षर. ती उतरवायची असेल तर आधी कागदावर तक्ता करून घ्या, त्यावाचून पुढे जाऊ नका.

मग स्वरजुळणी. रेनेसाँ ल्यूटच्या सहा जोड्यांमधलं अंतर वरून खाली असं असतं: चौथ, चौथ, मोठी तीज, चौथ, चौथ (चौथ म्हणजे पाच अर्धे सूर, मोठी तीज म्हणजे चार). जी-ल्यूट धरलं तर वरून जी, डी, ए, एफ, सी, जी. त्यातला ए हा मधल्या सीच्या लगत खालचा, आणि सगळ्यात खालचा जी म्हणजे बेस क्लेफच्या तळरेषेवरचा. ए-ल्यूट धरलं तर सगळं एक सूर वर. दोन्हींत अंतरं तीच असल्यानं टॅब्लेचर बदलत नाही. इंग्लिश गीतांसाठी आणि एकल रचनांसाठी मी जी धरतो. याला पुरावाही आहे: डाऊलंडच्या १५९७च्या गीतसंग्रहात गायनाचा भाग स्टाफवर आणि त्याखाली ल्यूटचं टॅब्लेचर छापलेलं आहे, त्यामुळे दोन्ही ताडून नाममात्र पट्टी कळते.

सहा रेषांच्या खाली जे लिहिलेलं असतं तिथे खरी फसगत होते. सातवी जोडी कधी एफला लावलेली असते, कधी डीला. पानावर बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं, पण रचना स्वतः सांगते. सातव्या जोडीवर मोकळ्याखेरीज दुसरं काही आहे का ते बघा. तिथे दुसरा किंवा तिसरा पडदा दिसत असेल तर ती डीला लावलेली आहे, म्हणजे ते स्वर ई आणि एफ. ती एफला लावलेली असती तर दुसऱ्या पडद्यावर जी मिळाला असता, आणि तो सहाव्या मोकळ्या जोडीवर आयता असताना कोणी सातवीवर दाबत नाही. फक्त मोकळीच वापरली असेल तर मुक्कामाच्या (कॅडेन्सच्या, म्हणजे जिथे वाक्य संपून सूर स्थिरावतो त्या) जागांवरचा बेस बघा. जीवर संपणाऱ्या रचनेत मुक्कामाच्या आधीचा बेस सातव्या मोकळ्या जोडीवर असेल तर तो डीच.

सतराव्या शतकात मामला आणखी बदलतो. फ्रान्समध्ये आधी निरनिराळ्या जुळण्यांचे प्रयोग झाले आणि मग डी मायनर जुळणी रुळली: वरून एफ, डी, ए, एफ, डी, ए, आणि खाली मोकळ्या बेस तारा पायरीपायरीनं उतरत. अठराव्या शतकातल्या जर्मन ल्यूटवादक वाइसच्या तेरा जोड्यांच्या ल्यूटपर्यंत तीच चालली. तिथे मोकळे बेस रचनेच्या पट्टीप्रमाणे लावतात, म्हणजे ई आहे की ई फ्लॅट हे रचनेवरूनच ठरवायचं. आणि कितारोने किंवा थिऑर्बो या लांब मानेच्या मोठ्या ल्यूटसाठीचं टॅब्लेचर असेल, जसं काप्सबर्गरचं १६०४चं, तर वरच्या दोन जोड्या एक सप्तक खाली असतात आणि सगळ्यात उंच तार तिसरी ठरते. हे विसरलं तर सरळ उतरणारी स्वरमाला कागदावर वेड्यावाकड्या उड्या मारताना दिसते.

आता काळाच्या खुणा. पट्टीच्या वर दांडी आणि तिला शेपट्या. इंग्लिश छापील पुस्तकांत बिनशेपटीची दांडी म्हणजे सेमीब्रीव्ह, एक शेपटी म्हणजे मिनिम, दोन म्हणजे क्रॉचेट, तीन म्हणजे क्वेव्हर (प्रत्येक आधीच्याच्या निम्मं). खूण पुढची खूण येईपर्यंत लागू राहते. आजच्या डोळ्याला एक शेपटी क्वेव्हरसारखी दिसते, आणि तसंच भरलं तर सगळं प्रमाणात चौपट आखडतं. प्रमाण बिघडत नाही, पण पान काळंकुट्ट होतं आणि संथ पावान धावतं वाटतं. मी पावान आणि गॅलियार्ड (तीन मात्रांचा नाच) निम्म्या मूल्यात उतरवतो, म्हणजे एक शेपटी बरोबर क्रॉचेट. काहीही निवडा, पण सुरुवातीला ‘मूळ मिनिम = इथे क्रॉचेट’ अशी नोंद टाका.

या खुणेचा खरा अर्थ नीट समजून घ्या, कारण तुमच्या तुटक बेसचं मूळ त्यात आहे. खूण सांगते की या आघातापासून पुढच्या आघातापर्यंत किती वेळ आहे. त्या आघातातला प्रत्येक स्वर तेवढाच टिकतो, असं ती सांगत नाही. वरचा व्हॉइस क्वेव्हरनी पळत असेल आणि खाली बेसचा एक स्वर घुमत असेल तरी टॅब्लेचरमध्ये वर फक्त क्वेव्हरचीच खूण दिसते. अक्षरांखालचे ठिपकेही काळाचे नसतात. एक ठिपका म्हणजे उजव्या हाताची तर्जनी. त्यांना स्टॅकॅटो समजून भरू नका. काही ठिकाणी बेसच्या अक्षरापासून तिरकी रेघ पुढे ओढलेली असते किंवा जवळ फुली असते. ती बोट धरून ठेवण्याची खूण असू शकते. मिळाली तर सोनं समजा, पण फुली अलंकाराचीही असू शकते, म्हणून त्याच पुस्तकातल्या इतर जागा बघून ठरवा.

आता मुख्य भाग. स्वराची लांबी ठरवताना मी तीन प्रश्न याच क्रमानं विचारतो. पहिला, ती जोडी पुन्हा कधी छेडली जाते? एका जोडीवर एका वेळी एकच स्वर राहू शकतो, त्यामुळे त्याच जोडीवर पुढचं अक्षर आलं की आधीचा स्वर तिथे संपलाच. ही भिंत आहे, तिच्यापलीकडे स्वर लिहिणं चूक. दुसरा, डावा हात तिथवर तो पडदा धरू शकतो का? बोटं चारच आहेत. मोकळ्या तारेला ही अट नाही. तिसरा, स्वरांची चाल काय सांगते? हा स्वर ज्या व्हॉइसचा आहे त्यानं पुढची पायरी घेतली असेल तर हाताला शक्य असलं तरी तो स्वर तिथेच संपवायचा.

एक बार घेऊन दाखवतो. जी-ल्यूट, वर एक शेपटीची खूण, म्हणजे आपल्या हिशोबानं प्रत्येक आघात एक क्रॉचेट, बारमध्ये असे चार. पहिला आघात: सहावी जोडी मोकळी, तिसरीवर पहिला पडदा, दुसरी मोकळी, पहिली मोकळी. दुसरा आघात: फक्त दुसऱ्या जोडीवर तिसरा पडदा. तिसरा: दुसऱ्या जोडीवर पहिला पडदा. चौथा: दुसरी मोकळी, आणि सहावीवर तिसरा पडदा.

स्वर असे निघतात. पहिल्या आघातात खालचा जी, बी फ्लॅट, डी आणि वरचा जी. मग एफ, मग ई फ्लॅट, आणि शेवटी डी व खाली बी फ्लॅट. संगणक पहिला आघात चार स्वरांचा एक क्रॉचेट म्हणून लिहितो आणि मोकळा होतो. आता प्रश्न विचारू. बेसचा जी सहाव्या जोडीवर आहे, ती पुन्हा चौथ्या आघाताला वाजते. मधे तिला कोणी हात लावत नाही आणि ती मोकळी आहे. म्हणून जी तीन क्रॉचेटचा, म्हणजे टिंब लावलेला मिनिम, आणि मग बी फ्लॅट एक क्रॉचेट. मधला बी फ्लॅट तिसऱ्या जोडीवर, ती या बारमध्ये पुन्हा वाजतच नाही. तर्जनीचं टोक तिसऱ्या जोडीच्या पहिल्या पडद्यावर ठेवलं तर करंगळी दुसऱ्या जोडीचा तिसरा पडदा घेते. तिसऱ्या आघाताला तीच तर्जनी आडवी टेकून दुसऱ्या जोडीचा पहिला पडदा दाबते. चौथ्याला तिचं मूळ उचलायचं, टोक तसंच राहतं. हात पूर्ण बारभर धरू शकतो, म्हणून हा बी फ्लॅट सेमीब्रीव्ह.

मधला डी? तो दुसऱ्या जोडीवर मोकळा, आणि दुसऱ्या आघाताला त्याच जोडीवर एफ येतो. भिंत लागली. डी एकच क्रॉचेट, त्याहून जास्त लिहिणं अशक्य गोष्ट लिहिणं होईल. उरला वरचा जी. पहिली जोडी मोकळी आहे आणि बारभर कोणी छेडत नाही, म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांनुसार तो चार क्रॉचेट टिकू शकतो. पण वरचा व्हॉइस जी, एफ, ई फ्लॅट, डी असा उतरतो आहे. जी लांबवला तर कागदावर ती उतरण मधल्या व्हॉइसमध्ये ढकलली जाते आणि वाचणाऱ्याला चालच दिसत नाही. तिसरा प्रश्न इथे निकाल देतो: जी एक क्रॉचेट. तार थोडी घुमत राहील, ते वादकाच्या हातात. गोव्यात किंवा इतरत्र चर्चच्या चार भागांच्या गायनवृंदात गायलेल्या माणसाला हा तिसरा प्रश्न फार लवकर कळतो, कारण आपला भाग आडवा ऐकायची कानाला सवय असते.

आता या बारमध्ये मधला डी एका क्रॉचेटनंतर गायब होतो. त्याच्यामागे तीन क्रॉचेटची रेस्ट लिहायची का? मी लिहीत नाही. ल्यूटच्या संगीतात व्हॉइस येतात-जातात, आणि प्रत्येक जाण्याची पावती देत बसलं तर पान वाचवत नाही. तो डी वरच्या जीच्या दांडीलाच जोडून टाका, म्हणजे रेस्टचा प्रश्नच उरत नाही. रेस्ट तिथेच दाखवा जिथे एखादा व्हॉइस खरोखर थांबून नव्यानं प्रवेश करतो, जसं फँटासियात विषय नव्या व्हॉइसमध्ये सुरू होताना. म्यूझस्कोरमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या व्हॉइसच्या नको असलेल्या रेस्ट निवडून ‘व्ही’ कळ दाबली की त्या छापात लपतात. काळाची बेरीज मात्र बरोबर राहते. एका पट्टीवर दोनपेक्षा जास्त व्हॉइस शक्यतो चालवू नका. संपूर्ण पावानाला वर दोन, खाली दोन पुरतात, आणि बऱ्याच बारमध्ये तीनच लागतात.

बेस किती लांबवायचा यावर माझं मत थोडं ठाम आहे. आतड्याच्या तारेचा नाद लवकर विरतो, तेव्हा दोन बार लांब टाय केलेला (चिन्हं जोडून एकच लांब स्वर केलेला) बेस ऐकू येणार नाही, हे म्हणणं खरं आहे. पण नोटेशन नुसतं नादाचं मोजमाप नाही. लांब लिहिलेला बेस बोटाला सांगतो की उठू नकोस, आणि डोळ्याला सांगतो की सुरावट अजून याच पायावर उभी आहे. म्हणून हात परवानगी देतो तिथवर मी बेस पुढच्या बेसपर्यंत नेतो. हात परवानगी देत नसेल तर खोटी लांबी लिहीत नाही. टाय आणखी एका ठिकाणी टाळायचा: टॅब्लेचरमध्ये तोच स्वर पुन्हा छेडलेला असेल तर त्याला टाय लावून एक करू नका. गायनात तो एकच लांब स्वर असेल, पण ल्यूटवादकानं विरणारा नाद जागा ठेवायला तो मुद्दाम पुन्हा वाजवलेला असतो.

रचना मुळात गाण्याची असेल तर काम खूप सोपं होतं, कारण मूळ भाग बघून लांबी ठरवता येते. जोस्कँ या रेनेसाँ संगीतकाराच्या नावानं ओळखलं जाणारं ‘मिल रेग्रे’ हे गीत स्पॅनिश वादक नार्व्हाएझनं १५३८ साली व्हिउएलावर बसवलं. गायनाचे चार भाग शेजारी ठेवले की कोणता स्वर कोणाचा हे क्षणात कळतं. दोन भाग एकाच स्वरावर भेटतात तिथे व्हिउएलावर एकच तार वाजते, म्हणजे टॅब्लेचरमध्ये एक व्हॉइस नाहीसा होतो. स्टाफवर त्या स्वराला वर-खाली दोन दांड्या द्या. धावत्या सजावटी मात्र वादकाच्या आहेत. त्या मूळ गाण्याशी जुळवायला जाऊ नका.

पावानासाठी याहून चांगला अभ्यास म्हणजे डाऊलंडचं ‘लाक्रिमे’. ल्यूटवरची एकल रचना जी मायनरमध्ये आहे. तेच गीतरूपात १६००च्या दुसऱ्या गीतसंग्रहात, आणि पाच व्हायल (गजानं वाजणारी तंतुवाद्यं) व ल्यूटसाठी १६०४मध्ये, दोन्ही ए मायनरमध्ये. १६०४च्या पुस्तकात पाचही भाग स्टाफवर आणि ल्यूट टॅब्लेचरमध्ये आहे. म्हणजे एकाच संगीताचं टॅब्लेचर आणि त्याच्या स्वरांच्या लांबीचं उत्तर, दोन्ही संगीतकाराच्या पुस्तकातच मिळतं. आपलं लिप्यंतर करण्याआधी त्यातले आठ-दहा बार बघा. मधले भाग किती शांतपणे लांब स्वर धरून राहतात ते दिसलं की तुमचा हात आपोआप सुधारतो.

इथवरचं एका दमात: टॅब्लेचरचा प्रकार, जुळणी, सातवी जोडी, काळाचं प्रमाण, हे आधी आणि एकदाच ठरवायचं. मग प्रत्येक स्वराला जोडी, हात आणि चाल हे तीन प्रश्न. आता शार्प-फ्लॅटकडे येऊ.

पडदा एकच, नावं दोन. दुसऱ्या जोडीचा पहिला पडदा डी शार्पही असू शकतो आणि ई फ्लॅटही, आणि संगणक आपल्या सवयीचं नाव देतो. साधा नियम असा. स्वर अर्ध्या सुरानं वर जाऊन स्थिरावत असेल तर शार्प: एफ शार्पवरून जी, सी शार्पवरून डी. अर्ध्या सुरानं खाली उतरत असेल तर फ्लॅट: ई फ्लॅटवरून डी, बी फ्लॅटवरून ए. जी मायनरमधल्या पावानात ई आणि बी फ्लॅटच असणार, एफ आणि सी मुक्कामाजवळ शार्प होणार. जी शार्पची गरज एवरच्या मुक्कामाजवळ पडते. त्याला ए फ्लॅट लिहिण्याची वेळ फार क्वचित येते. हे नुसतं शुद्धलेखन नाही. त्या काळच्या मीनटोन जुळणीत (तीज शुद्ध ठेवणाऱ्या) एफ ते एफ शार्प सुमारे ७६ सेंट (आजचा अर्धा सूर १०० सेंटचा) आणि डी ते ई फ्लॅट सुमारे ११७ सेंट असतं, म्हणजे पहिला पडदा चौथ्या जोडीला खाली सरकलेला हवा आणि दुसऱ्या जोडीला वर. ल्यूटचे पडदे बांधलेले असल्यानं सरकवता येतात. वादकाला नाव बरोबर मिळालं तर पडदा कुठे सरकवायचा हे ठरवता येतं.

आणखी एक गोष्ट इथे ल्यूटकडून फुकट मिळते. त्या काळच्या गायनप्रतींत मुक्कामाचा शार्प बरेचदा लिहिलेला नसतो, गायकानं समजून घ्यायचा. टॅब्लेचरमध्ये पडदा स्पष्ट असतो. म्हणून तुमच्या लिप्यंतरात शार्प-फ्लॅट कंसात किंवा स्वराच्या डोक्यावर लिहू नका, ते मूळचेच आहेत. आणि एकाच बारमध्ये एका व्हॉइसमध्ये एफ शार्प व दुसऱ्यात साधा एफ दिसला तर लगेच चूक समजून दुरुस्त करू नका. इंग्लिश संगीतात मुक्कामाजवळ ही टक्कर मुद्दाम असते, आणि ती काढली तर त्या जागेची चवच जाते.

बाररेषांबद्दल थोडंच. जुन्या छापांत, विशेषतः इटालियनमध्ये, त्या मोजणीच्या सोयीसाठी असतात, जोराच्या मात्रेसाठी असतीलच असं नाही. पावानात दोन छोटे बार मिळून एक केला तर वाचणं सुधारतं. गॅलियार्डमध्ये मुक्कामाआधी तीन-तीनच्या दोन गटांऐवजी दोन-दोनचे तीन गट होतात. तिथे बार बदलू नका, स्वरांचे जोड त्या गटांप्रमाणे बांधा.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात चौथी, पाचवी आणि सहावी जोडी बहुधा सप्तकाच्या अंतरानं लावलेली असायची, म्हणजे बेसबरोबर एक उंच स्वरही वाजायचा. स्टाफवर फक्त खालचा स्वर लिहा आणि प्रस्तावनेत नोंद ठेवा. डाऊलंडनं १६१०च्या सूचनांत बेसच्या जोड्यांना सप्तक लावण्याविरुद्ध मत दिलं आहे, तेव्हा तुमच्या पावानाला हा प्रश्न येऊ नये.

छापाच्या आणि नकलाकाराच्या चुका येणारच. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे अक्षर एक रेषा वर किंवा खाली सरकलेलं. स्वर सुरावटीत अजिबात बसत नसेल तर तेच अक्षर शेजारच्या रेषेवर ठेवून बघा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं. दुसरी, दुसऱ्या आणि चौथ्या पडद्याची अक्षरं एकमेकांसारखी दिसणं. तिसरी, काळाची खूण गाळली जाणं. ही प्रत्येक बारची बेरीज केली की लगेच सापडते. मी आधी संपूर्ण रचनेची बेरीज करतो, मगच स्वरांच्या लांबीला हात घालतो, कारण एक खूण चुकली तर पुढच्या सगळ्या लांबीचे निर्णय चुकीच्या पायावर उभे राहतात. दुरुस्ती केली की बार, आघात आणि मूळ वाचन असं तिघांची नोंद शेवटी द्या. पुढचा वाचक तुमच्याशी असहमत असेल तर त्याला मूळपर्यंत जाता आलं पाहिजे. याच कारणानं मी स्टाफच्या खाली टॅब्लेचरही ठेवतो. फ्रान्समधल्या ल्यूट-मालिकेच्या छापील आवृत्त्यांतही दोन्ही एकाखाली एक दिले आहेत.

तुम्ही गिटारवर वाजवणार असाल तर शेवटची गोष्ट. तिसरी तार जीवरून एफ शार्पला उतरवा. मग सहा तारांमधली अंतरं ल्यूटशी तंतोतंत जुळतात आणि टॅब्लेचर जसंच्या तसं बोटांखाली येतं. तिसऱ्या पडद्यावर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की जी-ल्यूटची पट्टीही मिळते. पण स्टाफवर वाचताना तिसऱ्या तारेवरचे सगळे स्वर सवयीच्या जागेपेक्षा एक पडदा पुढे सरकतात. कापोसह वाजवायचं असेल तर स्टाफ ई मायनरमध्ये लिहा, गिटारच्या नेहमीच्या प्रथेनं एक सप्तक वर. सातव्या जोडीचा डी गिटारवर कापोच्या हिशोबात खालचा बी होतो आणि तो सहाव्या तारेखाली जातो. अशा जागी स्वर एक सप्तक वर घ्या, पण वर घेतलेला बेस मधल्या व्हॉइसला ओलांडत नाही ना, ते प्रत्येक वेळी बघा. ओलांडत असेल तर मधला स्वर सोडून दिलेला बरा, बेस नाही.